पाना विकत घेण्याआधी

महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडताना गाडीच्या सर्व्हिसिंगचा आकडा दिसला की घरोघरी एकच विचार येतो: एवढे काम घरीच का होऊ नये? आमच्याही घरात तो आला. ऑइल बदलणे, प्लग काढून पुसणे, चेन साफ करून ताणणे, ब्रेकची दांडी बसवून घेणे, ही कामे अंगणात बसून होण्यासारखी आहेत. अडचण कामाची नाही, हत्यारांची आहे. त्यात आम्ही चांगलीच ठेच खाल्ली, म्हणून या वेळचे सदर त्यावर.

बाजारात प्लॅस्टिकच्या पेटीत मांडलेला चाळीस नगांचा चकचकीत संच दिसला. इतकी हत्यारे आणि किंमत दोन सर्व्हिसिंगपेक्षा कमी! ती पेटी आम्ही घरी आणली. पुढच्या रविवारी ऑइल बदलायला घेतले, पेटीतला 17 नंबरचा फिक्स पाना इंजिनाखालच्या ड्रेन बोल्टला लावला, जोर दिला, आणि पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. चौथ्या वेळी बोल्टचे कोपरे झिजून तो गोल झाला आणि आमच्या बोटांची सालटे निघाली. पान्याचा जबडा पाहिला तर चक्क फाकलेला. शेवटी गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजवर नेली. उस्तादांनी छिन्नी-हातोडीने बोल्ट फिरवून काढला, नवा बोल्ट आणि नवा वायसर बसवला. त्या दिवशी जे पैसे गेले, त्यात दोन चांगले रिंग पाने आले असते.

उस्तादांनी आम्हाला त्यांची स्वतःची पेटी उघडून दाखवली. तीत मोजून पंधरा-वीस हत्यारे होती, काही तर वीस वर्षांची. रोज गाड्या खोलणाऱ्या माणसाला एवढ्यावर भागते, मग घरी चाळीस नगांचे करायचे काय? पेटीतले निम्मे नग आपल्या गाडीला कधी लागतच नाहीत. न लागणारी वस्तू स्वस्त मिळाली म्हणून घेणे हाही इसराफच, तो आपल्याला बचत वाटतो एवढेच.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या गाडीची मापे वहीत लिहून घ्यावीत. हे सर्वांत सोपे काम आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडीजवळ उभे राहावे आणि मिस्त्री कोणत्या नटाला कोणत्या नंबरचा पाना लावतो ते टिपून घ्यावे. होंडाच्या घराण्यातल्या 100 सीसी गाड्या, म्हणजे 1994 पासूनची स्प्लेंडर आणि तिची भावंडे, यांना मुख्यतः 8, 10, 12, 14 आणि 17 हे नंबर लागतात. ज्यांच्या घरी अजून जुनी चेतक जिवंत आहे त्यांचे गणित वेगळे. तिचा वंश इटलीच्या वेस्पाचा, त्यामुळे तिथे 11 आणि 13 नंबर जास्त चालतात. 13 च्या नटाला 14 चा पाना बसतो खरा, पण एकदाच. दुसऱ्या वेळी नट गोल झालेला असतो. प्लगचेही तसेच. स्प्लेंडरच्या प्लगला 16 चा प्लग पाना लागतो, तर चेतक, राजदूत, आरएक्स 100 यांच्या जाड प्लगला 21 चा.

आता रिंग की फिक्स? फिक्स पाना नटाच्या सहा बाजूंपैकी फक्त दोन धरतो. रिंग पाना सगळ्या कोपऱ्यांना वेढतो. घट्ट बसलेला नट आधी रिंगने ढिला करायचा, मग वाटल्यास फिक्सने भराभर फिरवायचा. पैसे मोजकेच असतील तर रिंग आधी घ्यावेत. रिंग पान्याची दोन्ही टोके वेगवेगळ्या मापांची असतात, 8-9, 10-11, 12-13, 14-15, 16-17 अशी. म्हणजे पाच पान्यांत स्प्लेंडरची बहुतेक सगळी मापे येतात. पाचही एकदम घ्यायची गरज नाही. गॅरेजवर काम शिकणारी मुले पगारातून महिन्याला एक पाना घेत पेटी भरतात, आपणही तसेच करावे. जबडा कमी-जास्त होणारा स्क्रू पाना मात्र गाडीपासून दूर ठेवावा. तो नळाच्या कामाचा.

पाना पारखायचा कसा? चांगला पाना क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा असतो आणि तसे त्यावर कोरलेलेही असते. पण कोरायला काय, कोणीही कोरतो. आम्ही दुकानात जाताना खिशात 12 आणि 17 नंबरचा एकेक जुना बोल्ट ठेवतो आणि पान्यात घालून हलवून पाहतो. किंचित हालचाल चालेल. खडखडला तर परत. जबड्याच्या आतल्या कडा सरळ आणि तीक्ष्ण हव्यात, मुलामा पापुद्र्यासारखा सुटलेला नको, नंबर स्पष्ट हवा. नाशिकच्या सातपूरचा टपारिया गॅरेजवाल्यांच्या पेटीत सर्रास दिसतो, आणि नावाजलेला असल्यामुळे त्याची नक्कलही होते. म्हणून ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानातून, बिल घेऊनच घ्यावा. सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.स.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, आणि त्यासोबत चिलखताच्या कड्या नेमक्या मापाने जोडण्याची ताकीदही. फाकलेल्या जबड्याचा आमचा तो पाना आठवला की ही ताकीद पान्याच्या कारखानदारालाही लागू आहे असे आम्हाला वाटते.

स्क्रू ड्रायव्हरवर बहुतेक लोक पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. जपानी आराखड्याच्या गाड्यांवर, विशेषतः कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या झाकणांवर, जे फुलीचे स्क्रू असतात त्यांची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्स फुलीपेक्षा थोडी वेगळी असते. अशा स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका दिसतो. नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि फुली खाऊन टाकतो. त्या मापाचा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर 2 आणि 3 नंबरचा चांगल्या पोलादाचा घ्यावा, दांडीवर दाबून धरावा, हातोडीचा हलका ठोका द्यावा आणि मगच फिरवावा. तरीही हलला नाही तर थांबावे आणि उस्तादांकडे जावे. त्यांच्याकडे ठोका देताच फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर असतो.

जुनी हत्यारे घ्यावीत का, हा प्रश्न हमखास येतो. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार, दोन्हीकडे जुने पाने ढिगाने मिळतात आणि त्यांत खरेच उत्तम पोलाद सापडते. जुन्या पान्यात ऐब नाही. पण तो आला कुठून, हे पाहायला हवे. गॅरेजवाले आपल्या हत्यारांवर रंगाचा पट्टा ओढतात, कानशीने खूण करतात, नावाचे अक्षर कोरतात. एकाच खुणेचे सात-आठ पाने एका पथारीवर एकत्र दिसले आणि विकणारा उत्तर टाळू लागला, तर ती कोणाची तरी उचललेली पेटी असू शकते. चोरीचा माल आहे हे कळत असताना तो घेणे जायज नाही, यात दुमत नाही. आम्हीही एकदा तसाच एक 14-15 हातात घेतला होता. वजनदार, सुरेख पाना, आणि मुठीजवळ हिरव्या रंगाचा पट्टा. भाव निम्म्याहून कमी. कुणा मुलाने महिन्याला एकेक करून जमवलेली पेटी डोळ्यांपुढे आली आणि पाना परत ठेवला. खोटे कशाला बोलायचे, घरी येईपर्यंत मन त्याच्यातच होते.

हत्यार आले म्हणजे सगळी कामे आपली झाली असे समजू नये. ड्रेन बोल्ट ॲल्युमिनियमच्या इंजिनात बसतो. पान्याला पाइप लावून आवळला की आतले आटे जातात, आणि मग खर्च बोल्टचा राहत नाही, इंजिनाचा होतो. चेन साफ करताना इंजिन बंदच हवे. चालू इंजिनावर फडके धरल्याने बोटे गेलेली आहेत. ब्रेक शूज, डिस्कचे ऑइल, टॅपेट आणि पुढचे चाक आम्ही उस्तादांवर सोडतो. त्या गाडीवर मागे अम्मी बसते, मुले बसतात. काढलेले काळे ऑइलही गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजवर द्यावे.

एक गोष्ट भगिनींसाठी. ॲक्टिव्हा घेऊन कॉलेजला जाणाऱ्या मुलीला हवा मोजायचा गेज घेऊन द्यावा आणि प्लग काढायला शिकवावे. आमच्या भाचीने ते एका दुपारी शिकून घेतले. आता ती आम्हालाच हवा कमी आहे म्हणून टोकते.

पावसाळ्यात, आणि कोकणात तर बारमाही, पाने तेलाच्या फडक्याने पुसून कापडी पिशवीत गुंडाळून ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पेटीत ओल धरते. पिशवीत एक छोटी वहीही असू द्यावी, कोणी काय उसने नेले ते लिहायला. देताना आपण खुशीने देतो, मागायची मात्र लाज वाटते, आणि नेणाऱ्याला ती अमानत असल्याचा विसर पडतो. आमचा 12-13 गेल्या महिन्यापासून शेजारी आहे. जुम्म्याला मशिदीत भेट झाली की आठवण करू, इन्शाअल्लाह.