इनहेलरच्या गणितात कोकणचा पाऊसही हवा

इनहेलरने ओढलेले औषध फुप्फुसात कुठवर पोहोचते, हे आता संगणकावर पाहता येते. श्वासनलिकेच्या फांद्यांची प्रतिकृती उभारून तीत हवा आणि औषधाचे कण सोडले जातात. १९६३ मध्ये वायबेल यांनी मांडलेली २३ टप्प्यांची रचना त्यासाठी आजही आधाराला घेतात. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कण खोलवर जातात. मोठे बहुतेक घशातच अडकतात. पण रत्नागिरीत, जिथे पावसाळ्यात तळलेला पापड बघता बघता मऊ पडतो, तिथे कॅप्सूलमधली पूड सुटी कशी राहणार? ओलसर पुडीच्या गुठळ्या होतात आणि दमेकऱ्याला पुरती मात्रा मिळत नाही. संगणकाच्या गणितात ही आर्द्रता धरायलाच हवी. तोवर कॅप्सूल आयत्या वेळीच काढून डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे, एवढे तरी औषध दुकानदाराने सांगावे.