चौकशी अपघाताची की कामगाराची?

कारखान्यात माणूस दगावला की चौकशी होते आणि तिचा निष्कर्ष बहुधा चौकशीपूर्वीच ठरलेला असतो : 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मेलेला माणूस प्रतिवाद करू शकत नाही, ही या निष्कर्षाची मोठीच सोय! यंत्राची संरक्षक जाळी कोणी काढली, त्याला सलग दुसऱ्या पाळीला कोणी उभे केले, कंत्राटी म्हणून घेतलेल्या त्या पोराला काम कोणी शिकवले तरी होते काय, हे प्रश्न कागदावर येतच नाहीत. यंत्रावर शेवटचा हात ज्याचा, तोच अपराधी, अशी ही न्यायपद्धती आहे.

तिची किंमत भोपाळने मोजली. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र सर्वांना ठाऊक आहे; तिच्या आधीची तीन वर्षे मात्र विस्मरणात गेली आहेत. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या त्याच कारखान्यात फॉस्जिन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. अंगावर विषारी द्रव उडाल्याने गडबडून त्याने तोंडावरचा मुखवटा काढला, हे खरेच. परंतु तो द्रव मुळात उडालाच कसा, हा प्रश्न त्या मुखवट्याहून मोठा होता. मे १९८२ मध्ये मूळ कंपनीचे अमेरिकी तज्ज्ञ कारखाना तपासून गेले आणि विषारी पदार्थ निसटण्याचा धोका त्यांनी अहवालात नोंदवला. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी 'रपट' नावाच्या लहानशा साप्ताहिकातून भोपाळकरांना जागे करण्याचा प्रयत्न केला. पण लहान साप्ताहिकांना विचारतो कोण!

मग ती रात्र आली. ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट होते. ते थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारे संयंत्र सज्ज नव्हते. त्या विभागातील एका पाळीचे मनुष्यबळ बारावरून सहावर आणलेले होते. टाकीत पाणी शिरले आणि झोपलेल्या शहरावर मृत्यू पसरला.

यावर कंपनीने काय सांगितले? एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम पाणी सोडले! पुन्हा तोच शेवटचा हात. क्षणभर हे खरे मानले, तरी एका माणसाच्या हातून घडलेले कृत्य हजारोंचा जीव घेईल, अशी अवस्था कोणी निर्माण केली? थंड ठेवणारी यंत्रणा त्या कामगाराने बंद केली नव्हती आणि पाळीतील माणसेही त्याने कमी केली नव्हती.

तेव्हा केंद्रात आणि मध्य प्रदेशात काँग्रेसचीच राजवट होती. ७ डिसेंबरला अटक झालेले कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि सरकारी विमानाने दिल्लीस पोहोचले. न्या. एन. के. सिंह यांचा चौकशी आयोग राज्य शासनाने नेमला आणि अहवाल येण्यापूर्वीच गुंडाळला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर घेऊन तडजोड झाली. २०१० मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती दोन वर्षांची. पैसे मिळाले, पण 'का घडले' हे भारतीय जनतेसमोर साक्षीपुराव्यानिशी उघड मांडणे राहूनच गेले.

अमेरिकेने मात्र धडा घेतला. ऑगस्ट १९८५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील कार्बाइडच्याच कारखान्यात गळती झाली. १९८६ मध्ये तेथे धोकादायक रसायनांची माहिती नागरिकांना देण्याचा कायदा आला. १९९० च्या कायद्याने रासायनिक अपघातांच्या चौकशीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये ते कामाला लागले. त्याला दंड करण्याचा अधिकार दिला गेला नाही. कारण शोधावे आणि अहवाल सर्वांपुढे ठेवावा, एवढेच त्याचे काम. मेले आमचे लोक, शहाणपण घेतले त्यांनी! आपल्याकडे त्यानंतर सर्व रंगांची सरकारे आली. असे मंडळ कोणालाच सुचले नाही. विमान कोसळले तर दोष न ठरवता कारण शोधणारी यंत्रणा या देशात २०१२ पासून आहे. विमानातल्या प्रवाशाला जो न्याय, तो बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाला का नसावा?

डाव्या संघटनांची यात वेगळीच तऱ्हा. फाटकावर घोषणा, नुकसानभरपाईची रक्कम आणि वारसाला नोकरी एवढे पदरात पडले की त्यांचा लढा संपतो. ज्या यंत्राने बाप नेला त्याच यंत्रावर मुलगा उभा राहतो. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ उभा केला तो वर्गसंघर्ष नाकारून. उद्योग हे कुटुंब मानायचे असेल, तर घरातला माणूस गेल्यावर कुटुंब आधी 'कशाने गेला' हेच विचारते.

आणि येथे आपल्याच माणसांना चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. कारखाना स्वदेशी मालकाचा आहे, एवढ्याने त्याची टाकी सुरक्षित होत नाही. खंडेनवमीला पॉवर प्रेसला झेंडूची माळ घालणारे, तिची काढून ठेवलेली जाळी दुसऱ्या दिवशी परत बसवतात काय? हाताला नमस्कार करायचा आणि बोटे गेली की 'लक्ष नव्हते' म्हणायचे, ही विश्वकर्म्याची पूजा नव्हे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला, २३ मे २०२४ रोजी पुन्हा झाला. दोन्ही वेळा दहाहून अधिक जीव गेले. पहिल्या स्फोटाची कारणे शेजारच्या प्रत्येक कारखान्यातील प्रत्येक कामगाराला समजावून सांगितली होती काय, हे कोणीतरी विचारायला हवे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात मृत्यू झालेल्या अपघाताची चौकशी एका महिन्यात करण्याचे बंधन होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. पण कायदा बदलल्याने चौकशी करणाऱ्याची दृष्टी बदलत नाही. चौकशीत मालक व निरीक्षक यांच्यासह त्याच पाळीतला, त्याच यंत्रावर काम करणारा कामगार बसला पाहिजे. बोटे थोडक्यात वाचली, अशा प्रसंगांचीही नोंद झाली पाहिजे आणि ती करणाऱ्याची नोकरी जाता कामा नये. अहवाल मराठीत, फाटकावर, हजेरीच्या यंत्राशेजारी लागला पाहिजे. आणि त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द आलाच, तर त्याच्या पुढे 'कोणाचा' हेही लिहिलेले असले पाहिजे.