रिशे यांची शांतता आणि आपली समता

माणूस शास्त्रज्ञ झाला की तो आपोआप पुरोगामी होतो, आणि युद्धाला विरोध करणारा माणूस आपोआप समतावादी असतो, या दोन समजुती आपल्या चळवळीतल्या तरुणांमध्येही घट्ट आहेत. त्या तपासायच्या असतील तर शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे पाहावे.

१९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर रिशे आणि पॉल पोर्तिए समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. नेपच्यून नावाच्या धट्ट्याकट्ट्या कुत्र्याला थोडा डोस दिला, त्याला काही झाले नाही. २२ दिवसांनी तेवढाच डोस पुन्हा दिला आणि कुत्रा २५ मिनिटांत मेला. पहिल्या डोसाने शरीर सरावेल अशी अपेक्षा होती, घडले उलटेच. शरीराची संरक्षणव्यवस्थाच शरीरावर उलटली होती. रिशे यांनी या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस असे नाव दिले. आज पेनिसिलीन देण्याआधी कातडीवर चाचणी घेतात ती याच धोक्यामुळे. या शोधासाठी त्यांना १९१३ चे नोबेल मिळाले. हा शोध अस्सल आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही.

वाद पुढे आहे. शरीर असे आत्मघातकी का वागते? नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात रिशे यांनी याचे उत्तर दिले: परक्या द्रव्यांच्या भेसळीपासून जातीचे, म्हणजे प्राणिजातीचे, रक्षण व्हावे म्हणून! त्यात एखादी व्यक्ती मेली तरी बिघडत नाही, वंशाची अखंडता टिकणे जास्त महत्त्वाचे. कुत्र्याच्या मृत्यूतून हा निष्कर्ष निघतच नाही. तो शास्त्रज्ञाच्या डोक्यात आधीच होता. आणि तो आपल्याला अनोळखी आहे का? आंतरजातीय लग्न केलेल्या पोटच्या मुलीचा जीव घेणारा बापही हेच मानतो की पोरगी गेली तरी चालेल, रक्त बाटता कामा नये.

हेच रिशे फ्रान्समधले नावाजलेले शांततावादी होते. युद्धाविरुद्ध त्यांनी पुस्तके लिहिली. राष्ट्रांनी भांडणे लवादाकडे न्यावीत म्हणून झटणाऱ्या फ्रेंच संस्थेचे ते अध्यक्ष होते. पहिले महायुद्ध संपले आणि १९१९ साली त्यांचे मानवी निवडीवरचे पुस्तक आले. त्यात काळ्या लोकांना हीन ठरवले आहे, गोऱ्यांनी त्यांच्याशी विवाहसंबंध ठेवू नयेत असे म्हटले आहे, आणि ‘हीन’ वंशांनंतर अपंग व ‘दोषी’ माणसांना वगळण्याची भाषा केली आहे. १९२० ते १९२६ या काळात ते फ्रेंच सुप्रजननशास्त्र संस्थेचे अध्यक्ष होते. (हेच गृहस्थ भुताखेतांच्या प्रयोगांनाही बसत आणि १९२२ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिते झाले. नोबेल ही काही अंधश्रद्धेवरची लस नव्हे.)

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. पण त्याच १९१९ मध्ये, त्याच पॅरिसमध्ये, राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात वांशिक समतेचे तत्त्व घालावे असा प्रस्ताव जपानने मांडला होता. १७ पैकी ११ मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी एकमत नाही म्हणून तो बाजूला सारला. म्हणजे समतेची मागणी त्या काळातही होती. शांततेचे करार लिहिणाऱ्यांनाच ती नको होती.

बाबासाहेबांनी या दोन्ही प्रश्नांना हात घातला होता. १९१८ मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकाचे परीक्षण करताना त्यांनी हिंसा आणि शक्ती यांत फरक केला. युद्धाला विरोध म्हणजे निष्क्रियता नव्हे, शक्ती विधायक कामाला लावता येते, हा त्यांचा मुद्दा होता. ‘जातिनिर्मूलना’त, १९३६ साली, त्यांनी वंशशुद्धीचा दावाच उलटा तपासला. बेटीबंदीने रक्त शुद्ध राहते हे क्षणभर मान्य केले, तरी रोटीबंदीचे काय? एका पंगतीत जेवल्याने रक्तात काय मिसळते? एवढी शतके ‘निवड’ करूनही लष्करी भरतीत बहुसंख्य लोक अपात्र का ठरतात? रिशे यांच्याकडे अशा प्रश्नांना काय उत्तर होते?

गावात अत्याचार झाला की लगेच शांतता समितीची बैठक बोलावली जाते. खुर्च्यांवर कोण बसते आणि ‘वातावरण बिघडवू नका’ हे कोणाला सुनावले जाते, हे आपण जाणतो. तोफा थांबाव्यात, पण उतरंड राहावी, ही दोन महायुद्धांच्या मधल्या अनेक भल्या माणसांची शांतताही याच जातीची होती. म्हणून कोणी शांततेचे निवेदन सहीसाठी पुढे केले, तर त्यात समतेचे कलम कुठे आहे, हे आपण आधी विचारले पाहिजे.

पॅरिसजवळच्या व्हिलिये-ल-बेल इथल्या सरकारी रुग्णालयाला रिशे यांचे नाव होते. २०१५ मध्ये, त्यांच्या वंशवादी लिखाणामुळे, ते काढले गेले. नामांतर म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजवायला नको. एका विद्यापीठाच्या नावासाठी आपण १९७८ पासून १९९४ पर्यंत लढलो, घरे जळताना पाहिली. त्या रुग्णालयाला त्याऐवजी आदेलाईद ओव्हाल यांचे नाव दिले गेले. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि आउशवित्झच्या छळछावणीत कैदी असताना नाझी डॉक्टरांच्या प्रयोगांत भाग घ्यायला त्यांनी नकार दिला होता.