जपानमधला स्वस्त जुना फ्लॅट आणि मुंबईची सवय

जपानमध्ये नोकरीला गेलेल्या आपल्या तरुणांकडून अलीकडे एकच प्रश्न आमच्याकडे येतो आहे : भाड्याने घर देताना टाळाटाळ करतात, मग एखादा जुना फ्लॅट विकतच घ्यावा का?

प्रश्नाचे मूळ कळायला आम्हाला वेळ लागला नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी नागरिकांपैकी सुमारे 39 टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले होते. आडनाव ऐकल्यावर 'फ्लॅट कालच गेला' म्हणणारे मालक आपण पुण्या-मुंबईत पाहिले आहेत. विकत घेताना मात्र तिथला कायदा परदेशी माणसाला अडवत नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वीचे फ्लॅट नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात.

इथेच मुंबईची सवय घात करते. आपल्याकडे इमारत जुनी म्हणजे रिडेव्हलपमेंटची आशा. बिल्डर येईल, मोठे घर देईल, वर भाडेही देईल! जपानमध्ये अनेक जुन्या इमारतींचे चटईक्षेत्र आधीच संपलेले असते. बिल्डरला विकायला जादा फ्लॅट उरत नाहीत, त्यामुळे नवी इमारत मालकांनाच स्वतःच्या खिशातून बांधावी लागते. 2023 अखेर देशात 40 वर्षे ओलांडलेले सुमारे 13.7 लाख फ्लॅट होते. पुनर्बांधणी पूर्ण झालेल्या इमारती मात्र 2024 पर्यंत 300 देखील नव्हत्या. पुनर्बांधणीला चार-पंचमांश मालकांची संमती लागत असे. मालक म्हातारे, काही वारलेले, वारसांचा पत्ता नाही. 2025 च्या दुरुस्तीने बेपत्ता मालकांना न्यायालयाच्या परवानगीने मोजणीतून वगळता येते आणि भूकंपाला कच्च्या इमारतींसाठी तीन-चतुर्थांश पुरते. पण संमती मिळाली तरी पैसे कुठून आणायचे, हे कायदा सांगत नाही.

शिगा प्रांतातल्या यासू शहरात 1972 ची नऊ फ्लॅटची इमारत ओस पडून ढासळत होती. पाडायला सर्व मालकांची संमती हवी होती, ती जुळेना. अखेर 2020 मध्ये शहर प्रशासनानेच ती पाडली आणि सुमारे 11.8 कोटी येनचा खर्च मालकांवर लावला. स्वस्त घराचा हाही एक शेवट असतो.

म्हणून किमतीआधी सोसायटीचे कागद पाहा. दरमहा दोन रकमा भराव्या लागतात : देखभाल खर्च आणि दुरुस्ती निधी, म्हणजे आपला सिंकिंग फंड. 2023 च्या सरकारी पाहणीत सुमारे 37 टक्के सोसायट्यांचा निधी त्यांच्याच दुरुस्ती आराखड्याच्या मानाने अपुरा निघाला. हप्ता फारच कमी दिसला तर खूश होऊ नका, तो पुढे वाढणार आहे. आधीच्या मालकाने थकवलेली रक्कमही कायद्याने नव्या मालकाकडून वसूल करता येते. हे आपल्या मुलांना सहसा ठाऊक नसते.

भूकंपाचे नवे निकष 1 जून 1981 पासून लागू झाले. तारीख पाहायची ती बांधकाम मंजुरीची. 1982 मध्ये पूर्ण झालेली इमारतही जुन्या निकषांची असू शकते. अशा घरांना बँका कर्ज द्यायला कचरतात, आणि कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्या परदेशी माणसाला तर बहुतेक बँका दारातूनच परत पाठवतात. म्हणजे रोख रक्कम हवी, आणि ती बहुधा गावाकडच्या आईवडिलांच्या बचतीतून येते. आमची खरी काळजी ही आहे.

आमच्या एका मित्राने आमच्या सांगण्यावरून सोसायटीच्या सभांची तीन वर्षांची इतिवृत्ते मागवली आणि जपानी वाचणाऱ्या सहकाऱ्याला बसवून वाचली. लिफ्ट आणि पाण्याच्या पाइपांचा विषय दर वर्षी पुढे ढकललेला होता. त्याने तो फ्लॅट सोडला. दुसऱ्या इमारतीचे कागद सध्या वाचतो आहे.