पोर्ट कोण बदलणार?

गेल्या दोन-तीन महिन्यांत वाचकांची जी पत्रं आली, त्यांतली बरीचशी एकाच दुखण्याची आहेत. शाखांमधलं वायफाय सेंट्रल स्विचिंगवरून लोकल स्विचिंगवर न्यायचं ठरलं. कंट्रोलरवर पॉलिसी प्रोफाइल आणि फ्लेक्स प्रोफाइल तयार आहेत, एका शाखेत चाचणीही झाली. पुढे काम ठप्प. ते अडलंय शाखेतल्या स्विचवर, एपीची केबल ज्या पोर्टात जाते त्या पोर्टापाशी. तो पोर्ट अ‍ॅक्सेसचा ट्रंक करायला कोणाची परवानगी घ्यायची, हे कोणालाच ठाऊक नाही.

सिंधुदुर्गातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेतून आलेलं पत्र घ्या. खातं उघडायला आलेल्या ग्राहकाचा फॉर्म टॅबवर भरला जातो आणि त्याच खोलीतल्या प्रिंटरवर छापायचा असतो. टॅब आणि प्रिंटर यांच्यात एका टेबलाचं अंतर. तरीही तो प्रिंट जॉब एपीवरून कॅपवॅप टनेलात शिरतो, एमपीएलएसवरून नवी मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या कंट्रोलरवर उतरतो आणि त्याच लिंकवरून शाखेच्या लॅनवर परत येतो. पावसाळ्यात लिंक डळमळली की प्रिंट अर्ध्यावर तुटतो आणि ग्राहक काउंटरवर ताटकळतो. शाखाधिकारी प्रिंटर बदलून द्या म्हणून मागणी पाठवतात. प्रिंटर बदलूनही झाला आहे.

हे दुरुस्त करायला काय लागतं, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पण त्याच बँकेत त्यासाठी काय काय करावं लागतं, ते ऐका. एपीचं कंत्राट एका वेंडरकडे, स्विचची एएमसी दुसऱ्याकडे. दुसरा वेंडर चेंज रिक्वेस्टशिवाय स्विचला हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तो अर्ज पोर्टागणिक स्वतंत्र हवा. शाखेत चार एपी, म्हणजे चार अर्ज. प्रत्येकावर शाखाधिकारी, आयटी प्रमुख आणि माहिती सुरक्षा विभाग अशा तीन सह्या. लोकल स्विचिंग झालं की टॅबना शाखेच्या सबनेटमधला आयपी मिळणार, त्यामुळे सीबीएससमोरच्या फायरवॉलमध्ये नवा सोर्स रेंज घालायला हवा. त्याचा अर्ज तिसऱ्याच समितीकडे, आणि ती समिती महिन्यातून एकदा बसते. पोर्ट आधी बदलला आणि फायरवॉल मागे राहिली तर शाखा बंद. फायरवॉल आधी झाली आणि पोर्ट राहिला तर न वापरलेला नियम म्हणून पुढच्या आढाव्यात तो काढून टाकला जातो. पत्रलेखकाच्या बाबतीत नेमकं हेच घडलं आणि सगळे अर्ज पहिल्यापासून करावे लागले.

सह्या मिळाल्या तरी संकट संपत नाही. स्विचचा माणूस येतो, पोर्टला ट्रंक करतो, क्लायंटचे व्हीएलएएन अलाऊ करतो आणि निघून जातो. नेटिव्ह व्हीएलएएन कोणता, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. एपीचं स्वतःचं मॅनेजमेंट ट्रॅफिक अनटॅग्ड निघतं. ते नेटिव्ह एकवर जाऊन पडतं, एपीला आयपी मिळत नाही, कंट्रोलर दिसेनासा होतो. वायरलेसचा वेंडर म्हणतो स्विच बिघडवला, स्विचचा वेंडर म्हणतो एपी खराब. दुसरा नमुना पोर्ट-सिक्युरिटीचा. सेंट्रल स्विचिंगमध्ये सगळं टनेलात गुंडाळलेलं असतं, स्विचला फक्त एपीचा मॅक पत्ता दिसतो. म्हणून कोणीतरी कधीकाळी ‘मॅक्झिमम एक, व्हायोलेशन शटडाउन’ असं लिहून ठेवलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं निमूट चालतं. लोकल स्विचिंग सुरू झालं की प्रत्येक फोनचा, प्रत्येक टॅबचा मॅक थेट त्या पोर्टावर येतो. पहिला क्लायंट जोडला जाताच पोर्ट एरर-डिसेबल. पोर्टावर डॉट-वन-एक्स सिंगल-होस्ट असेल तर तिथेही मल्टि-होस्ट केल्याशिवाय सुटका नाही. हे दोन्ही मुद्दे चेंज रिक्वेस्टच्या छापील नमुन्यात एका ओळीत मावतील. ती ओळ त्या नमुन्यात नाही.

आता ‘ऑडिटला चालणार नाही’ या उत्तराकडे. बहुतेक ठिकाणी फाइल याच शेऱ्यावर परत येते. आमचा साधा प्रश्न आहे: कोणत्या ऑडिटच्या कोणत्या कलमाला? नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची सविस्तर चौकट आणली. वायफायचं प्रत्येक पॅकेट मुख्यालयातून फिरवा, असं त्यांत कुठेही म्हटलेलं नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवणं, घटना सहा तासांत कळवणं आणि घड्याळं जुळवणं आहे. ते सगळं लोकल स्विचिंगमध्येही पाळता येतं. फक्त शाखेतल्या डीएचसीपीचे आणि राउटरचे लॉग मध्यवर्ती सिसलॉगवर न्यावे लागतात. ही अट खरी आहे आणि ती पूर्ण केल्याशिवाय कोणी शाखा बदलू नये. पण तेवढ्यावरून अख्खी योजना अडवणं म्हणजे कोणाच्या तरी जुन्या चेकलिस्टमधली ओळ पिढ्यान्‌पिढ्या उतरवत राहणं आहे.

टनेल सुरक्षित आणि लोकल असुरक्षित ही समजूत तर फारच घट्ट बसली आहे. २००९ च्या आरएफसी ५४१५ मध्ये कॅपवॅपचा कंट्रोल चॅनेल, म्हणजे यूडीपी ५२४६, डीटीएलएसने सुरक्षित केलेला आहे. डेटा चॅनेलवर, म्हणजे ५२४७ वर, डीटीएलएस ऐच्छिक आहे. सिस्कोच्या कंट्रोलरवर तो मूळ स्थितीत बंदच असतो आणि वायफायचं एन्क्रिप्शन एपीवरच उलगडतं. ज्या टनेलाच्या भरवशावर फाइल नाकारली जाते, त्यातून क्लायंटचा डेटा बऱ्याच ठिकाणी उघडा जातो आहे. सुरक्षा विभागाने अर्ज नाकारण्याआधी आपल्याच कंट्रोलरवर हे सेटिंग पाहावं.

अधिकाऱ्यांना बोललो, आता आपल्याच मंडळींना. काहींनी या कटकटीला कंटाळून आडवाट धरली आहे. कंट्रोलरवर सेंट्रल स्विचिंग बंद केलं, व्हीएलएएन मॅपिंग केलंच नाही, पोर्ट अ‍ॅक्सेसच ठेवला आणि शाखा ‘झाली’ म्हणून कळवली. अशा शाखेत टेलरचा टॅब, पाहुण्याचा फोन आणि एपीचं मॅनेजमेंट एकाच सबनेटमध्ये असतं. कंट्रोलरवर लावलेले एसीएल तिथे लागू होत नाहीत. ते फ्लेक्स प्रोफाइलमधून एपीवर ढकलावे लागतात, हे विसरलं जातं. सिस्कोच्या ९८०० कंट्रोलरवर सगळ्या शाखा डीफॉल्ट साइट टॅगवर ठेवणारेही आहेत. मग एपी ते एपी रोमिंगला की पोचत नाही, फोन दर वेळी पूर्ण ऑथेंटिकेशन करतो आणि खापर हँडसेटवर फुटतं. शाखेगणिक वेगळा साइट टॅग आणि त्यातली ‘लोकल साइट’ची खूण काढलेली, एवढं तरी पाळा. ऑडिटरला बोट दाखवायला जागा असल्या कामांमुळे मिळते, आणि त्याची किंमत नीट काम करणाऱ्यांना मोजावी लागते.

वेंडरच्या सादरीकरणातलं ‘लिंक गेली तरी वायफाय चालू’ हे वाक्यही जपून घ्या. लिंक तुटल्यावर एपी स्टँडअलोनमध्ये जातो. आधी जोडलेले क्लायंट टिकतात, सामायिक की असलेल्या एसएसआयडीवर नवेही येतात. पण डॉट-वन-एक्सचा रेडियस डेटा सेंटरमध्ये असेल तर नवा माणूस आत येत नाही. त्यासाठी शाखेत बॅकअप रेडियस किंवा एपीवर लोकल ऑथेंटिकेशन आधीच उभं करायला हवं. सीबीएस तर डेटा सेंटरमध्येच आहे, ते तसंही दिसणार नाही. म्हणून एका एपीच्या आणि फक्त सीबीएस वापरणाऱ्या छोट्या शाखेला हात लावायची गरज आम्हाला वाटत नाही. जिथे प्रिंटर, स्थानिक सर्व्हर किंवा व्हिडिओ कॉल आहेत आणि शाखेला स्वतःचा इंटरनेट ब्रेकआउट आहे, तिथे मात्र एक दिवसही थांबण्याचं कारण नाही. कंट्रोल चॅनेलला लिंक फारशी लागत नाही. फेरीची वेळ डेटासाठी ३०० आणि आवाजासाठी १०० मिलिसेकंदांच्या आत असली की पुरे, आणि ती आपल्या बहुतेक शाखांत मिळते. पाहुण्यांचं एसएसआयडी, शाखेत फायरवॉल येईपर्यंत, सेंट्रलच ठेवा.

आयटी प्रमुखांना आमची विनंती आहे. पुढचं टेंडर काढताना एपीचा पोर्ट वायरलेसच्या कंत्राटात घाला, किंवा स्विचच्या कंत्राटात एपी पोर्टाचा एकच मंजूर टेम्प्लेट जोडा, म्हणजे शाखेगणिक एकच अर्ज आणि एकच सही पुरेल. पोर्ट आणि फायरवॉल यांची मंजुरी एकाच बैठकीत, एकाच रोलबॅकसह घ्या. ऑडिटरांना विनंती: नाकारा, पण कलमाचा क्रमांक लिहून नाकारा.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांच्या शाखा नीट झाल्या आहेत त्यांनी गप्प बसू नका. तुमचा चालू एपी पोर्टाचा कॉन्फिग, बँकेचं नाव, आयपी आणि पासवर्ड खोडून, या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. स्विचच्या कंपनीनुसार ते सगळे पुढच्या अंकात छापू. नेटिव्ह व्हीएलएएनची आणि पोर्ट-सिक्युरिटीची ओळ मात्र गाळू नका. बहुतेक शाखा तिथेच अडल्या आहेत.