शांत दिसणारे पाणी

ऑस्ट्रेलियात टॉर्के गावापासून ग्रेट ओशन रोड सुरू होतो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो बांधला. मोटारीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून कुटुंबे या किनाऱ्याने हिंडतात. चूल-अंथरूण सगळे बरोबर! पण आयाबहिणींनो, लेकरांवर नजर हवी. फेसाळत्या लाटांमधली गडद, शांत पट्टी सुरक्षित वाटते. तीच माणसाला आत ओढते. सर्फिंगवाले तिच्यातूनच मुद्दाम आत जातात, पण फळीच्या भरवशावर. पोरे ते पाहून मागे धावतात. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच पोहावे. ओढले गेल्यास प्रवाहाशी झुंजू नये. तरंगत राहून हात वर करावा. निशाणे उतरली, की जीवरक्षक घरी गेले असे समजावे.