थट्टेचा विषय कोण?

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की गावोगावची मुले शहरांतील वसतिगृहांत राहावयास येतात आणि आठवड्याच्या आत त्यांचे दुसरे बारसे होते. कोणाला बोलीवरून नाव पडते, कोणाला रंगावरून; राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्यास ‘कोट्यातला’ ही उपाधी चिकटते. हरकत घेतली, तर ‘याला थट्टाही समजत नाही’ असा ठपका त्याच्याच माथी येतो.

तारुण्य आणि थट्टा यांचे सख्य तोडावे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. बरोबरीच्या मित्राची टोपी उडविण्यात गंमत असते, कारण उद्या तोही आपली टोपी उडवू शकतो. जातीवरील विनोदात अशी परतफेड संभवत नाही. शिवाय वर्गातला टोमणा घंटा झाली की मागे राहतो. वसतिगृहातला मेसमध्ये, नळापाशी आणि रात्री खोलीतही सोबत येतो. ऐकणाऱ्याला उठून जावयास जागाच नसते.

कायद्याला हे ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याने मारहाणीबरोबरच चिडविणे, शिवीगाळ व चेष्टा यांनाही गुन्ह्यात गणले असून, शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची आहे. तक्रार येताच सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. हयगय केल्यास तोही गुन्ह्यास साहाय्य करणारा ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१६ मध्ये जात, धर्म, वर्ण, भाषा वा गरिबी यांवरून होणारा मानसिक छळ रॅगिंगमध्ये समाविष्ट केला. तरीही मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, आदिवासी समाजातील एका तरुण डॉक्टरने वसतिगृहातील खोलीत आयुष्य संपविले. तिला जातीवरून हिणविले जात होते, असा आरोप कुटुंबीयांनी केला. दोषादोषाचा निर्णय न्यायालयाचा. परंतु असा आरोप करण्याची पाळी एखाद्या आईवर यावी, ही गोष्टच आपणां सर्वांस अंतर्मुख करणारी आहे.

तक्रारीवाचून कायदा जागा होत नाही, आणि तक्रार करणाऱ्याला त्याच मंडळींत पुढली वर्षे काढावयाची असतात. म्हणूनच खरी जबाबदारी टोमणा मारणाऱ्या दोघांतिघांइतकीच तो ऐकून हसणाऱ्या वीसपंचवीस जणांवरही आहे. त्यांतल्या एकाने ‘आता पुरे’ म्हटले, तर जे काम होईल, ते रेक्टरच्या दहा सूचनापत्रांनी होणार नाही. आणि ही भाषा मुले वसतिगृहात येऊन शिकत नाहीत. ती बहुधा आपल्याच दिवाणखान्यांतून सोबत नेतात, हेही पालकांनी विसरू नये.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह स्थापन केले, तेव्हा सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एका पंगतीस जेवली. त्या काळी हे सोपे नव्हते. आज एकत्र जेवण्यास कोणी धैर्य मानीत नाही. मात्र त्या पंगतीत शेजारी बसलेल्याला मान खाली न घालता जेवता आले पाहिजे, एवढे काम अद्याप शिल्लक आहे.